सामाईक रांजणातले तुरट आसव

पूर्वी द्राक्षावती नगरात धर्मकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्याच एका खोऱ्यात, आसव करणाऱ्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुव्रत. आसव म्हटल्यावर कोणी भुवया उंचावू नयेत. द्राक्षांचा रस धायटीची फुले घालून मुरवायचा आणि आजाऱ्याला जेवणानंतर पळीभर द्यायचा, एवढाच त्या खोऱ्याचा उद्योग होता. तिथले लोक स्वतः पाणीच पीत; निदान चारचौघांत तरी.

प्रत्येक घराचा मळा वेगळा, आसवाची चव वेगळी, आणि आपलेच आसव श्रेष्ठ हा अभिमान मात्र सर्वांचा सारखा. एके वर्षी राजाने आरोग्यशाळा बांधली आणि खोऱ्यात निरोप पाठवला, की घरोघरच्या निरनिराळ्या आसवांनी वैद्यांची पंचाईत होते. सर्वांनी आपापले आसव एकत्र करून एकच रांजण भरावा. ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्याच्या घराची मुद्रा रांजणावर उमटेल.

सुव्रताचे आसव सर्वांत गोड. म्हणून अर्धा रांजण त्याचा, उरलेला इतरांचा, असे सहज ठरले आणि मिश्रणाचे कामही त्याच्याकडेच आले. राहिली फक्त भद्रिका.

भद्रिका म्हातारी विधवा होती. डोंगराच्या सावलीत तिचा लहानसा मळा होता. नवरा करीत असे तसाच ती बियांसकट, देठांसकट रस मुरवी, त्यामुळे तिचे आसव तुरट होई. ती घागर घेऊन आली तेव्हा वसुदत्त नावाच्या मोठ्या मळेवाल्याने नाक मुरडले.

"हे ओतलं तर सगळ्या खोऱ्याचं नाव जाईल," तो म्हणाला. "आणि रांजणात ज्याचा वाटा नाही, त्याला यापुढं पाटाचं पाणीही नको. पाणी आधीच कमी आहे."

जो तो आपापली घागर आवरू लागला. पाण्यावाचून भद्रिकेचा मळा एका उन्हाळ्यात वाळून जाणार, हे सर्वांना कळत होते. भद्रिकेने घागर पुन्हा कमरेवर घेतली.

"आमच्या ह्यांच्या हातच्या वेली आहेत रे बाळा," ती सुव्रताला म्हणाली. "मी आहे तोवर जगल्या असत्या तर बरं झालं असतं."

सुव्रताला फार वाईट वाटले. पण एका म्हातारीचे मन राखण्यासाठी आजाऱ्यांचे औषध बिघडवणेही त्याला पटेना. त्याने तिची घागर ठेवून घेतली, रांजण बंद करायला थोडी मुदत मागितली आणि झालेल्या मिश्रणाचा एक तांब्या घेऊन तो आरोग्यशाळेत गेला.

तिथे तापाने क्षीण झालेल्या एका बाईने एक घोट घेतला आणि तोंड फिरवले.

"गोड आहे हो, पण घशाखाली उतरत नाही. पुन्हा नका देऊ."

इतर खाटांवरूनही वाट्या भरलेल्याच परत आल्या. सुव्रत विचार करीत घरी आला. अंगणात त्याचा भाऊ बेदाणे चघळत बसला होता. सुव्रताच्याही तोंडात बेदाणा होताच. तेव्हा त्याला उमगले. सकाळपासून झोपेपर्यंत साऱ्या खोऱ्याचे तोंड बेदाण्यांनी भरलेले असे. इतरांना मळमळेल एवढे गोड झाल्याशिवाय त्यांच्या जिभेला गोड लागतच नसे.

त्याने बेदाणे सोडले आणि आजाऱ्यांना मिळते तीच अळणी पेज काही दिवस घेतली. मग स्वतःचे आसव चाखले. जन्मभर ज्याचा अभिमान बाळगला, ते त्याला घोटभरही जाईना. मग त्याने त्यात भद्रिकेचे थोडे मिसळले. तोंड स्वच्छ झाले आणि भूक लागली. तेच त्याने तापाच्या बाईला नेऊन दिले. तिने वाटी संपवली आणि पेज मागितली.

आता अडचण एवढीच होती, की रांजण काठोकाठ भरलेला होता. सुव्रत सर्वांसमक्ष त्यातले आसव काढू लागला आणि काढलेले सगळे आपल्याच वाट्यातून वजा धरा म्हणाला.

"अरे, वेडा झालास का?" वसुदत्त म्हणाला. "तुझाच वाटा कमी करतोयस. मुद्रा जाईल तुझी."

"जाऊ दे. जागा कोणीतरी करायलाच हवी."

"माझी कीव करून ओतू नकोस," भद्रिका म्हणाली. "तुरट आहे ते मलाही ठाऊक आहे."

"कीव असती, आजी, तर तुला पाणी मिळवून दिलं असतं आणि घागर परत पाठवली असती. आजाऱ्यांना तुझं आसव हवं आहे."

म्हातारीला रडू आवरेना. सुव्रताने इतरांनाही बेदाणे सोडून पेज घ्यायला लावली, आणि त्यासाठी बरीच बोलणी खाल्ली. पण त्यानंतर वसुदत्ताने नव्या मिश्रणाचा घोट घेतला आणि सगळी वाटी संपवली. मग उठून त्याने आपल्याही वाट्यातली घागरभर जागा मोकळी केली. "पाण्याची पहिली पाळी हिची," तो म्हणाला.

मग वाट्यांचा हिशेब कोणी केलाच नाही, आणि रांजणावर कोणाच्याच घराची मुद्रा उमटली नाही. झाकणाच्या ओल्या मातीवर प्रत्येकाने आपला अंगठा दाबला. भद्रिकेचा ठसा जरा फिसकटला. तो तसाच ठेवला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात एका तरुण भिक्षूला सांगितली. उतारवयात संघात आलेल्या एका भिक्षूचा आवाज फाटका होता. त्याने सामूहिक पठणात नुसते ओठ हलवावेत, अशी या तरुणाची मागणी होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची भद्रिका म्हणजे हेच वृद्ध भिक्षू. तापाने पडलेली बाई म्हणजे आपल्याला रोज भिक्षा घालून आपले पठण ऐकणारी उपासिका. सुव्रत मी होतो. आणि वसुदत्त, भिक्षू, तू होतास. तेव्हाही तुला कळायला थोडा वेळ लागला होता, पण कळले होते."

त्या सायंकाळी पठण सुरू झाले तेव्हा तरुण भिक्षूने आपला खणखणीत आवाज थोडा खाली आणला. शेजारचा फाटका आवाज ऐकू येऊ लागला. आपले थोडे काढून दुसऱ्याला जागा करून देणे, यालाच दानपारमिता, म्हणजे दानाची पूर्णता, म्हणतात.