पिशवीतले आणि दगडातले

त्या राज्याला चारी बाजूंनी भिंती होत्या, पण त्या दिसत नसत. त्यामुळे आपण कोंडलेले आहोत असं तिथे कुणी म्हणत नसे. पाणी खारट होतं. उजेड ठरल्या वेळी यायचा आणि ठरल्या वेळी निळा होत होत विझायचा. अन्न वरून पडायचं. तिथले सगळे बाहेरून आलेले होते. फरक एवढाच, की काही पिशवीतून आले होते आणि काही दगडातून.

पिशवीतून येणं मानाचं होतं. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली जायची, आतल्याला बाहेरचं पाणी घोट घोट पाजलं जायचं आणि मग त्याला अलगद खाली सोडलं जायचं. त्याला कुणीतरी निवडून आणलेलं असायचं. दगडातले मात्र न सांगता येत. राज्याला शोभा म्हणून एखादा भोकाभोकांचा दगड यायचा आणि त्याच्या भोकात कुणी ना कुणी अंग चोरून बसलेलं असायचं. कधी काटेरी अळी, कधी मटाराएवढा खेकडा, कधी जे काय ते कुणालाच सांगता येऊ नये असं काही. म्हणून नवा दगड आला की पिशवीतल्यांना दुसरं काम सुचत नसे. आत कोण आहे ते आधी ओळखायचं.

जो नकोसा ठरेल त्याला घालवण्याची एक रीत होती. सगळ्यांनी त्या दगडासमोर रांगेनं उभं राहायचं आणि वरून पडलेल्या अन्नाला तोंड लावायचं नाही. सगळी तोंडं बंद दिसली की पाण्याच्या वर हात यायचा, जरा थांबायचा आणि दगड उचलून न्यायचा. एखादं तोंड जरी खाताना दिसलं तरी हात परत जातो असं म्हणत. तसं झालेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

या राज्यात वेणू नावाची एक कोळंबी राहायची. तांबडी पाठ, पाठीवरून गेलेला पांढरा पट्टा आणि अंगाहून लांब मिशा. आली तेव्हा जोडीनं आली होती. जोडीदार कवच बदलत असताना, अंग मऊ असताना गेला, आणि तेव्हापासून तिच्यासारखं दिसणारं तिथे कुणी उरलं नाही. आता तिच्या पोटाखाली, तो असतानाच धरलेल्या अंड्यांचा हिरवट घोस होता. याआधीची तिची पिल्लं सुटली त्याच दिवशी नाहीशी झाली होती. कुणीतरी खाल्ली, असं सगळे म्हणाले होते, आणि कुणीतरी म्हणजे दगडातला कुणीतरी, हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती.

यावेळी वेणूनं सगळ्यांचे सल्ले ऐकायचं ठरवलं होतं. भिंतीवरचं शेवाळ चाटत फिरणाऱ्या गोगलकाकू म्हणाल्या, "अंडी फार हलवू नकोस हो, सैल होतात." वाळूवर राहणारे वाळवे भाऊजी म्हणाले, "हलवत राहा वहिनी, नाहीतर बुरशी धरते." वेणू थोडी हलवायची, मग हलवल्याचा पश्चात्ताप करायची, आणि पश्चात्ताप करताना हलवायचं राहून गेलं म्हणून पुन्हा हलवायची. दिवस यातच जायचा.

अशात नवा दगड आला.

त्याच्या माथ्यावर पहिल्याच दिवशी एक फूल उमललं. सोनेरी, पारदर्शक पाकळ्यांचं, पाण्यासोबत डोलणारं. सगळं राज्य त्याच्याभोवती जमलं. त्या दगडाच्या पोटातून मात्र उजेड निळा व्हायच्या सुमारास आवाज येऊ लागला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

गोगलकाकू कवचात शिरल्या त्या दुसऱ्या उजेडापर्यंत बाहेर आल्या नाहीत. मागे एका दगडातून फोड्या आला होता. तोही असाच आवाज करायचा, आणि त्याच आवाजानं एका सकाळी गोगलकाकांचं कवच फुटलेलं सापडलं होतं.

निळेसाहेबांनी सभा घेतली. निळेसाहेब म्हणजे तिथला सर्वांत मोठा मासा. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहायचं आणि त्याला पाहणी म्हणायचं, हा त्यांचा दिनक्रम. ते म्हणाले, "फोड्या आहे की दुसरा कुणी, ते डोळ्यांवरून कळतं. फोड्याचे डोळे देठावर फिरतात आणि तुमचा पाठलाग करतात. वेणू, तू जाऊन बघ."

"मी?"

"तुला काळजी आहे. काळजी असलेल्याच्या नजरेतून काही सुटत नाही."

"आणि फूल?" वेणूनं विचारलं. "तेही दगडातूनच आलंय."

"फुलाची कसली आलीय ओळख?" निळेसाहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

दगडाकडे जाताना वेणूची मिशी त्या फुलाला ओझरती लागली आणि टोकापासून मुळापर्यंत जळजळली. आपलीच मिशी नाजूक झाली असेल, तिला वाटलं. अशा दिवसांत होतं म्हणे असं.

भोकाच्या तोंडाशी ती थांबली. आतून टक आवाज आला.

"कोण आहे?" ती म्हणाली.

"तेच मी विचारतोय. इतके दिवस ठोकतोय, दार कुणी उघडेना."

"दार तुमचंच आहे. तुम्ही आत आहात."

"असं होय." आतला जरा ओशाळला. "मला दिसत नाही फारसं. बाई, जरा जवळ या, बोलायला बरं."

वेणू अर्धं पाऊल पुढे गेली आणि एक पाऊल मागे आली. अंधारात तिला एक भलामोठा डेंगा दिसला, खेकड्याच्या नांगीसारखा, अंगाला न शोभणारा, आणि त्यामागे दोन डोळे. खसखशीच्या दाण्याएवढे, मंद. तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत ते तिच्या शेजारच्या रिकाम्या पाण्याकडे बघत होते.

"तुम्ही फोडता का?" तिनं विचारूनच टाकलं.

"काय?"

"शंख. कवचं. लहान पिल्लं."

"खणतो. बिळं खणतो. आवाज होतो तो हा डेंगा मिटताना होतो. त्यानं आजवर कुणाला काही झालं नाही. जवळ कुणी येत नाही, इतकंच." त्यानं डेंगा मागे घेतला. "आमच्याकडे रीत अशी, की एकानं खणायचं आणि एकानं दारात बसून बाहेर बघायचं. मी माझी एक मिशी त्याच्या पाठीवर ठेवून असतो. तो दचकला की दोघं आत. इकडे आहे का असा कुणी? डोळ्यांनी चांगला, पण घर नसलेला?"

वेणूला वाळवे भाऊजी आठवले. उघड्या वाळूवर झोपणारे, प्रत्येक सावलीला दचकणारे.

"बघते," ती म्हणाली.

"आणि तुम्ही अंडी घेऊन हिंडताय. पाणी हलतं त्यावरून कळतं मला. पिल्लं सुटली की तुम्हालाही कवच टाकावं लागेल ना? मऊ अंगानं उघड्यावर राहू नका. मी बीळ रुंद करून ठेवतो."

इतक्या दिवसांत इतक्या जणांनी सल्ले दिले होते, पण तेव्हा तू कुठे राहशील, असं कुणी विचारलं नव्हतं. वेणू परतली ती जवळजवळ तरंगत.

वाटेतच तिला शंका आली. इतकं गोड कशाला बोलला? फोड्याही असाच बोलला असेल का? फोड्याशी कधी कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळे विचारून घ्यायची सोय नव्हती. मग तिला वाटलं, आपण उगाच शंका घेतो. मग वाटलं, मागच्या वेळी शंका घेतली नाही म्हणूनच तर तसं झालं. वाळवे भाऊजी वाटेत भेटले, त्यांना ती काही बोलली नाही. आधी खात्री करू, मग सांगू.

सभेत निळेसाहेबांनी विचारलं, "डोळे कसे होते?"

"मंद. बारीक. त्याला नीट दिसत नाही."

"देठावर फिरत नव्हते?"

"नाही. मला वाटतं, नाही."

"वाटतं की पाहिलंस?"

वेणूनं पुन्हा आठवून पाहिलं. जितकं आठवावं तितकं ते भोक जास्त अंधारं होत गेलं. "पाणी जरा गढूळ होतं," ती म्हणाली.

"म्हणजे खात्री नाही."

"तसं नाही, साहेब. तो बिळं खणतो म्हणाला. वाळवे भाऊजींसारखं कुणी..."

"माझं काय?" भाऊजी दचकले.

"तो म्हणाला, हे ठीक आहे," निळेसाहेब समजुतीनं म्हणाले. "पोरी, पिल्लं तुझी आहेत. त्या दगडाशेजारी तू ती सोडशील? एवढंच सांग."

सगळे तिच्याकडे बघत होते. गोगलकाकूंनी कवचातून डोकं बाहेर काढलं होतं. वेणूच्या पोटाखालची अंडी एकाच वेळी हलली, आणि ती हो म्हणू शकली नाही. नाही असंही ती म्हणाली नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे दगडासमोर रांगेनं उभे राहिले. वरून अन्न पडलं. दाणे हळूहळू खाली येत होते. एक दाणा येऊन नेमका वेणूच्या तोंडापाशी थांबला, इतका जवळ की तिला त्याची चव लागली. तिला भूक होती, नुसती स्वतःची नव्हे. तिनं शेजारी पाहिलं. वाळवे भाऊजींचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, डोळे मात्र त्या भोकावरून हलत नव्हते. भाऊजींनी खाल्लं तर आपणही खाऊ, असं वेणूनं ठरवलं. भाऊजींनीही कदाचित तेच ठरवलं असावं. दाणा तिच्या तोंडावरून घसरून वाळूत पडला.

हात आला. दगड वर उचलला गेला तेव्हा आतून टक असा आवाज झाला, मग आणखी एकदा, घाईनं. पाण्याबाहेर गेल्यावर तो आवाज कोरडा झाला, आणि थांबला.

दगडावरचं फूल एका बाजूनं शेजारच्या कपारीलाही चिकटलेलं होतं. ते फाटलं आणि त्याचे तुकडे प्रवाहासोबत राज्यभर पसरले. सगळ्यांना फार वाईट वाटलं, फुलाचं. काही दिवसांनी तुकडा पडला तिथे तिथे नवं फूल उमललं, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, चांगलं केलं की चांगलंच होतं. दगड होता तिथे वाळूत खड्डा राहिला होता. वाळवे भाऊजी त्यात झोपू लागले. खड्ड्याला छप्पर नव्हतं.

उजेड निळा होत असताना वेणूची पिल्लं सुटली. तिनं ती तिच्यासारखी असतील असं धरलं होतं. ती कशासारखीच नव्हती. काचेच्या तुसासारखी अंगं, आणि प्रत्येकाला दोन काळे ठिपके, तेच डोळे. ती उजेडाकडे वर निघाली. वेणू ओरडायच्या आत त्यांतली कितीतरी कोपऱ्यातल्या जाळीकडे वाहत गेली, जिथून राज्याचं पाणी स्वच्छ होण्यासाठी ओढलं जायचं, आणि झटापट न करता आत दिसेनाशी झाली. मागची पिल्लं कुठे गेली होती ते तिला तेव्हा समजलं. काही फुलांजवळून गेली. फुलं त्यांच्यावर मिटली. उरलेली तिनं मिशांनी, पायांनी, जमेल तसं वळवून एका कपारीत आणली आणि स्वतः कपारीच्या तोंडाशी उभी राहिली. तिचं कवच पाठीवर सैल होऊ लागलं होतं.

उजेड झाल्यावर निळेसाहेब पाहणीला आले आणि थबकले.

"हे काय आहे?"

"माझी मुलं."

"नीट बघून सांग. तुझ्यासारखी दिसत नाहीत ती."

"माझीच आहेत. खात्री आहे." आयुष्यात पहिल्यांदा तिला कशाची तरी खात्री होती.

"असतील, असतील. नाही कोण म्हणतंय?" एव्हाना बाकीचेही जमले होते. निळेसाहेबांनी आवाज खाली आणला. "प्रश्न तो नाही. ती आली कशातून? पिशवीतून की दगडातून?"

"कशातूनच नाही. इथेच झाली."

निळेसाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग गोगलकाकू मायेनं म्हणाल्या, "इथे कुणी होत नसतं ग पोरी. इथे येतात."

कुणी कुणाला खूण केली नाही, पण रांग लागली. सगळ्यांत शेवटी वाळवे भाऊजी आले आणि वेणूकडे न बघता रांगेच्या टोकाला उभे राहिले. कपारीच्या आत काचेची तुसं एकमेकांवर आपटत होती, इतकी हलकी की आवाजही होत नव्हता.

वरून अन्न पडलं.

वेणूच्या पाठीवरचं कवच उकललं होतं आणि आतल्या, अजून रंग न धरलेल्या अंगाला पाणी झोंबत होतं. अशा वेळी आत, अंधारात राहायचं असतं. ती बाहेर आली. कपारीसमोरच्या मोकळ्या वाळूवर, वरून नीट दिसेल अशा जागी जाऊन तिनं खाली येणारा एक दाणा पुढच्या दोन्ही पायांत पकडला आणि तोंडात घातला. तिला भूक नव्हती. तिनं दुसरा घेतला. मिटलेल्या तोंडांची रांग तिच्याकडे बघत होती, आणि पाण्याच्या वर हात येऊन थांबला होता. वेणू खात राहिली.