वीतभर कमी

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री राहत असे. पंखे, पंप, शिवणयंत्रं, गिरणीच्या मोटारी, जे जे म्हणून फिरतं ते सारं त्याच्या हाताखालून गेलं होतं. त्याची एक खोड मात्र गावभर ठाऊक होती. कुणी वस्तू घेऊन आलं की तो वस्तूकडे पाहतच नसे. आणणाऱ्याला बाकावर बसवी, चहा पाजी आणि घरच्या चौकशा करत राही. वस्तू आपली पायरीवर ताटकळत पडलेली असे.

त्याच्या शिष्याला ही खोड मुळीच मानवत नसे. हा शिष्य काही कोवळा पोर नव्हता. तिशी ओलांडलेला, कारखान्यातली पक्की नोकरी सोडून केवळ विद्येच्या ओढीने आलेला गृहस्थ होता. हात असा, की गंजून घट्ट बसलेला नटसुद्धा त्याच्यापुढे फार वेळ हट्ट करत नसे. धीर मात्र बेताचाच. "अण्णा," तो म्हणे, "बिघाड यंत्रात आहे. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाशी आपल्याला काय करायचं?" मिस्त्री हसे आणि पाहुण्याच्या कपात आणखी थोडा चहा ओती.

एका सकाळी दौलतराव नावाचे निवृत्त पोस्टमन दुकानात आले. हात रिकामे होते. बोटांचे सांधे सुजलेले, तळव्यांची कातडी साबणसोड्याने फाटलेली. मिस्त्रीने नेहमीप्रमाणे बसवलं, चहा दिला.

"दुरुस्तीला काही आणलं नाही," दौलतराव संकोचून म्हणाले. "वस्तूच मिळेल का, ते विचारायला आलोय. आमच्या हिनं, भागानं, अठ्ठावीस वर्षं दवाखान्यातल्या नर्सबायांच्या वसतिगृहात धुण्याचं काम केलं. तिथं एक जुनी मशीन होती. गोल टाकीची, चार पायांची. वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ आणि फिरवायला हँडल. मागल्या साली ही पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता उभं राहता येत नाही, चाकाच्या खुर्चीत असते. धुणं मीच करतो. रोजची चादर असते ना."

ते जरा थांबले. मग कपाकडे पाहत म्हणाले, "हल्ली ती पाणीच पीत नाही, मिस्त्री. घोटभर घेते आणि तांब्या सारते. डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी हात जोडले तिला. तर म्हणते, पाणी प्यायलं की चादर खराब होते, आणि ती तुम्हाला धुवावी लागते. दुसरं काही मागत नाही. म्हणते, माझी ती मशीन मला आणून द्या."

"नवी मशीन का नाही घेत, काका?" शिष्याने विचारलं.

"पुतण्याही तेच म्हणतो. पण आमच्या नळाला पाणी तासभर, तेही करंगळीएवढं. पिंपातून घालावं लागतं. आणि हिला हवी ती तीच."

"शोधू," मिस्त्री म्हणाला.

शोधायचं काम अर्थातच शिष्याकडे आलं, आणि ते त्याने जीव लावून केलं. पंधरा दिवस त्याने आसपासच्या गावांतली भंगारची दुकानं पालथी घातली. शेवटी एका भंगारवाल्याच्या परसात, मोडक्या सायकलींच्या आड, ती सापडली. टाकीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. भंगारवाल्याच्या बायकोने स्वच्छ सांगितलं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत डबा हलवायचा नाही. शिष्य आठ दिवस कोंबडीच्या मर्जीवर थांबला आणि नवव्या दिवशी मशीन टेंपोत घालून घेऊन आला.

पुढचे दोन महिने तो दुसऱ्या कशाचा राहिला नाही. मोटार उघडून नवी तार भरली. रूळांचं रबर दगड झालं होतं. छापखान्याच्या रूळांना रबर चढवणारा एक जण गाठून त्याच्याकडून नवं चढवलं. टाकीचा गंज घासता घासता त्याच्या नखांचा रंग बदलला. मूळ रंग कोणता हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा त्याने बटणामागची पट्टी काढली आणि तिच्याखाली लपून राहिलेला फिकट पोपटी रंग शोधला. चार पायांपैकी एक गहाळ होता. तो त्याने लेथच्या यंत्रावर कातून स्वतः घडवला. पहिला वाकडा झाला, दुसरा केसभर जाड झाला, तिसरा असा उतरला की त्या चारांतला नवा कोणता हे ओळखून दाखवावं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हे कोडं घाली आणि कुणालाच सुटलं नाही की मनात सुखावे.

दौलतराव दर आठवड्याला येत, लांबूनच पाहत आणि विचारत, "होईल ना?" शिष्य मान वर न करता म्हणे, "काका, अशा कामात घाई चालत नाही." ते मुकाट्याने जात. मिस्त्रीने या काळात मशीनसाठी फक्त एकदा जागा सोडली, तीही काम म्हणून नव्हेच. तो दौलतरावांच्या घरी चहा प्यायला गेला. परतला तेव्हा त्याच्या खिशातून एक सुतळीचा तुकडा लोंबत होता, त्याला एक गाठ मारलेली. शिष्याने ती पाहिली आणि विसरून गेला.

मशीन तयार झाली त्याच दिवशी एक व्यापारी दुकानात आला. हमरस्त्यावर त्याचं मोठं हॉटेल उभं राहत होतं. मशीन पाहताच तो जागीच थबकला. तिच्याभोवती दोनदा फिरला, काठावरून बोट फिरवलं आणि ती कुणासाठी हे विचारून घेतलं.

"ही मला द्या," तो म्हणाला. "हॉटेलच्या दारातच ठेवतो, काचेत. खाली तुमचं नाव लिहितो. आणि त्या म्हाताऱ्यांना माझ्यातर्फे नवी कोरी मशीन. फसवाफसवी नको आपल्याला."

शिष्याचं मन पार डोलू लागलं. दोन महिने रक्त आटवून घडवलेलं ते रूप एका मोरीत, साबणाच्या फेसात, कुणाच्या नजरेला न पडता जाणार होतं. हॉटेलात येणारे-जाणारे शेकडो लोक पाहतील. शिवाय भागामावशींनाही मशीन मिळतेच आहे. यात कुणाचं नुकसान होतं? त्याने हे सारं मिस्त्रीला बोलून दाखवलं. मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "उद्या सकाळी या."

सकाळी शिष्य दुकानात शिरला. मशीन गोणपाटावर आडवी पडली होती. शेजारी करवत, लोखंडाचा भुसा, आणि पोपटी रंगाचा एक वीतभर तुकडा. मिस्त्रीने एक पाय कापला होता. तोही नेमका शिष्याने घडवलेला.

"अण्णा!" त्याच्या तोंडून एवढंच निघालं. मग त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. "हे काय केलंत? एवढी... दोन महिने..." त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात व्यापारी आला. त्याने तो तुकडा पाहिला, मिस्त्रीकडे पाहिलं, "डोकं फिरलंय यांचं," असं पुटपुटला आणि आल्या पावली गेला.

मिस्त्रीने मनगट सोडवून घेतलं नाही. त्याने विचारलं, "मशीनची उंची किती?"

"काठापर्यंत चौतीस इंच. रूळांपर्यंत त्रेचाळीस," शिष्य रडवेल्या रागाने म्हणाला.

"आणि भागाबाईंचा हात खुर्चीतून टाकीच्या तळाला लागायचा तर काठ किती उंच हवा?"

हे माप शिष्याने घेतलंच नव्हतं.

मिस्त्रीने खिशातून सुतळी काढली आणि गाठ त्याच्या तळहातावर ठेवली. "जमिनीपासून इथवर. त्या दिवशी मी चहा प्यायला गेलो तेव्हा दौलतराव चादर धूत होते. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी विचारलं, मशीन कशाला हवी? म्हणाल्या, जन्मभर परक्यांच्या चादरी मी निर्मळ केल्या, माझी स्वतःची मला करता येऊ नये? अरे, त्यांना चादर धुवून मिळायला नको आहे. ती तर आजही मिळते. त्यांना ती धुवायची आहे. व्यापाऱ्याची नवी मशीन कमरेएवढी उंच, वरून उघडणारी; बसल्या माणसाचा हात तिच्या तळाला लागत नाही. आणि ही तू घडवलीस तशीच नेली असती, तरी तेच झालं असतं. दौलतराव चालवणार, बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. ज्याने ही मशीन प्रथम बनवली तो चुकला नव्हता. त्याच्यापुढे उभी असलेली बाई होती. आपल्यापुढे बसलेली आहे. मोटारीखाली जागा राहते, मी मोजली आहे. पाणीही मोरीत नीट उतरेल."

मग करवत त्याने शिष्याच्या हाती दिली. "तुझा पाय मी कापला, कारण तो तुझ्याने कापवला नसता. उरलेले तीन तू काप."

शिष्याने करवत घेतली. त्याला दौलतरावांचं दर आठवड्याचं ते "होईल ना?" आठवलं, आणि त्यांना आपण काय उत्तर देत होतो हेही आठवलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्याने सुतळी लावली, खडूने खूण केली आणि एकेक करून तीनही पाय कापले. पायांच्या टोकांची छोटी चाकं पुन्हा बसवली. मशीन उभी केली तेव्हा ती ठेंगणी आणि जराशी विचित्र दिसत होती.

दुपारी ती दौलतरावांच्या मोरीत गेली. भागामावशी खुर्चीची चाकं फिरवत तिच्यापाशी आल्या. काठ त्यांच्या मांडीच्या किंचितच वर येत होता. त्यांनी आत हात घालून तळ चाचपला. रूळांचं हँडल एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं. बटण कुठे आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही.

शिष्य उत्सुकतेने पुढे सरकला. दोन महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आता आला होता.

"सगळे बाहेर बसा," मावशी म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा हो."

आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

तिघे ओट्यावर बसले. आतून पिंपातून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग मोटारीची घरघर सुरू झाली. दौलतरावांना हात कुठे ठेवावेत ते कळेना; ते कधी गुडघ्यांवर ठेवत, कधी काखेत घालत. मिस्त्री डोळे मिटून बसला होता. शिष्याला आतलं काही दिसत नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला ते पाहायची इच्छाही उरली नव्हती. बंद दाराकडे पाहूनच त्याला भरून आलं. त्याने केलेलं काम त्या दारापलीकडे चाललं होतं आणि तिथे त्याची गरज नव्हती.

अर्ध्या तासाने दार उघडलं. मावशींच्या मांडीवर पिळलेल्या चादरीची घडी होती. चेहरा घामाने आणि उडालेल्या पाण्याने ओला झाला होता. त्यांनी खुर्ची अंगणात घेतली आणि वाळत घालायच्या दोरीकडे पाहिलं. दोरी दौलतरावांच्या डोक्याएवढी उंच होती.

दौलतराव लगबगीने उठले आणि चादर घ्यायला हात पुढे केला. त्यांच्या आधी शिष्य उठला होता.

"मावशी," तो त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसत म्हणाला, "हात वर करा बघू. पोचेल तेवढाच. ताण देऊ नका."

त्यांनी हात वर केला. शिष्याने खिशातली सुतळी काढून माप घेतलं, त्याहून चार बोटं खाली गाठ मारली आणि दोन्ही खांबांवरची दोरी सोडून त्या मापाला बांधली. या साऱ्याला त्याने भरपूर वेळ लावला. मिस्त्री ओट्यावरून पाहत होता.

मावशींनी चादर दोरीवर टाकली, दोन्ही टोकं ओढून सरळ केली, हाताने सुरकुत्या मोडल्या. मग खुर्ची वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पाणी आणा बरं. तांब्या भरून आणा."

दौलतरावांनी काठोकाठ भरलेला तांब्या आणला. मावशींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला, तो रिकामा झाल्यावरच खाली ठेवला.