ओढ्यापलीकडचं ठाणं

आमच्या गल्लीला नाव पडायच्या कितीतरी आधीची गोष्ट. मुंग्यांच्या राणीनं ओढ्यापलीकडे एक ठाणं वसवलं होतं. तिथं मुंग्या धाडायचं काम ढमाबाईकडं आणि दाणे धाडायचं कोंडाबाईकडं. दोघी एकाच मुळाखाली पाठीला पाठ लावून बसत, पण एकमेकींना विचारतील तर शपथ! काय म्हणावं अशा बायांना?

एकदा ठाण्याची कारभारीण साळू हिच्याकडं पिंपळपानाची होडी भरून मुंग्या उतरल्या.

"कशाला आलात गं?"

"कोठारावर देखरेख करायला."

"कोठार रिकामं पडलंय. दाणे कुठायत?"

"ते कोंडाबाईंचं खातं, आम्हाला काय ठाऊक!"

साळूची पिल्लं आधीच अर्धपोटी होती. तिचं डोकंच फिरलं. "माझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढून तुमची देखरेख पोसू होय?" तिनं सगळ्यांना त्याच पानावर परत बसवलं. "जा, तुम्हाला धाडणारीच्या पंगतीला बसा!"

भुकेल्या मुंग्या थेट त्या दोघींच्या ताटांवर तुटून पडल्या. रिकाम्या ताटासमोर बसलेल्या ढमाबाईनं जन्मात पहिल्यांदा मान मागं वळवली.

"काय हो कोंडाबाई, पलीकडं दाणा किती जणींना पुरेल?"