तुळाजीने यान राखलं

भोकरमाळ गावात तुळाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा. म्हशी राखायचा तेव्हा रवंथ करणाऱ्या म्हशीकडे दिवसभर टक लावून बसायचा.

गावामागच्या टेकडीवर अवकाश केंद्र होतं. तिथून एक यान चंद्राकडे निघालं होतं. त्यात माणूस नव्हता. ऑटोपायलट होता, म्हणजे यान आपलं आपण चालायचं. ते वेडंवाकडं वागत नाही ना, एवढंच कुणीतरी पडद्यावर बघत बसायचं. पण यान होतं शहाणं, त्यामुळे बघणाऱ्यांना डुलक्या लागायच्या. केंद्राच्या प्रमुख देवस्थळीबाई वैतागल्या. या यानापायी त्यांचे केस पिकले होते. त्यांनी तुळाजीला बोलावलं.

"तुळाजी, बघत बसायचं. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं, की घंटा वाजवायची."

"वाजवतो बाई."

दुसऱ्याच दिवशी घंटा घणघणली. सगळे जेवता जेवता, उष्ट्या हाताने धावत आले.

"काय झालं? यान कुठंय?"

"यान बरं आहे," तुळाजी म्हणाला. "खांबेटेसाहेबांनी मिशी काढली."

खांबेटेसाहेब ओठांवर रुमाल धरून निघून गेले. बाईंनी समजावलं, "अरे, लगेच बोंब मारू नये. जरा थांबावं. पुष्कळदा आपोआप ठीक होतं."

"थांबतो बाई."

मग एकदा कोपऱ्यातल्या शेगडीजवळ चहाचं फडकं पेटलं. फडक्यावरून जाळ रद्दीला लागला. तुळाजी थांबला. बाई आल्या तेव्हा खोलीभर धूर, आणि तुळाजी खुर्चीत खोकत बसलेला.

"अरे, आग लागलीय!"

"हो बाई. पण अजून ठीक होत नाहीये."

बाईंनी अख्खा माठ रद्दीवर उपडा केला. "असं काही तापलं, पेटलं, की थांबायचं नाही. आधी पाणी ओतायचं!"

"ओततो बाई."

पुढच्या आठवड्यात पडद्यावर लाल अक्षरं उमटली : इंजिन तापले आहे. गोष्ट किरकोळ होती. यानाने ते स्वतःच निववलं असतं. पण तुळाजी बादली घेऊन आला आणि त्याने ती पडद्यावर ओतली. चर्र झालं. केंद्रातले दिवे गेले. सगळे इंजिनिअर यंत्रं पुसत बसले. वर बिचारं यान एकटंच चालत राहिलं.

बाई पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. तुळाजीने काळजीने विचारलं, "गार झालं का हो ते?"

बाईंना त्याला म्हशींकडे परत धाडायचं होतं. पण तो रडवेला झाला, आणि डुलकी न घेणारं दुसरं कुणी नव्हतंही. त्यांनी त्याला एक निळं बटण दाखवलं.

"नीट ऐक. यान रोज जातं तसं जाऊ दे. पण ते भलतंच काही करायला लागलं, की घंटा नको, थांबणं नको, पाणी तर मुळीच नको. हे दाब. यान माघारी वळेल."

"दाबतो बाई."

अखेर चंद्र आला. केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये पाहुणे जमले. मोठ्या पडद्यावर चंद्राचे खड्डे दिसू लागले. बाई पाहुण्यांना माहिती देत होत्या. आतल्या खोलीत तुळाजी खुर्चीत होता.

यान हळू झालं. मग तिरकं झालं. मग त्याने पोटाखालून पाय काढले.

तुळाजीला दरदरून घाम फुटला. या यानाने आजवर कधी पाय म्हणून काढले नव्हते!

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. पडद्यावरचा चंद्र लहान लहान होत चालला होता.

बाई धावत आत आल्या. "तुळाजी! काय केलंस हे? अरे, यान उतरत होतं!"

"तेच सांगतोय बाई," तुळाजी घाम पुसत म्हणाला. "इतके दिवस किती गुणाने उडत होतं, आणि आज एकदम खालीच जायला लागलं. मी जागा होतो म्हणून वाचलं!"