सात दाण्यांची नळी

बांबूच्या बेटाला लागून वसलेल्या एका गावात भागुजी नावाचा बुरूड राहत होता. हात कसबी, पण डोकं तापट. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच तो म्हणे, "कळलं, कळलं!"

त्याची म्हातारी आई ठकूबाई. तिची दृष्टी गेली, आणि तिला दुपार खायला उठू लागली. भागुजी बांबू तोडायला जाई, त्याची बायको पारू टोपल्या विकायला. घर रिकामं, हात रिकामे. एक दिवस म्हातारी म्हणाली, "भागू, इथे माझा जीव रमत नाही. मला तुझ्या बहिणीकडे पोचव."

भागुजी म्हणाला, "चार दिवस थांब, आई. तुझ्या हाताला असं काही वाजवायला देतो, की तू जायचं नाव काढणार नाहीस."

त्यानं आधी दोन करवंट्या काठीला बांधून दिल्या. "डोकं उठलं रे," आई म्हणाली. मग बांबूला लांब चिरा पाडून वर काठी मारून दाखवली. "हे पाखरं हाकलायला बरं आहे."

भागुजी चिडला, पण हटला नाही. त्यानं हातभर लांबीची पोकळ नळी घेतली. आत आडव्यातिडव्या काड्या ठोकल्या, मूठभर गुंजा टाकल्या आणि तोंडाला बूच बसवलं. नळी उलटी केली, की गुंजा काड्यांवरून ठेचकाळत खाली येत. म्हातारीचा चेहरा उजळला. "छान आहे रे. फक्त यात जरा..."

"कळलं, कळलं! जरा जास्त हव्यात!" त्यानं आणखी मूठभर टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर नळी हलकी! त्यानं चिंचोके घातले. तिसऱ्या दिवशी पुन्हा हलकी!

"भागू, ऐक तरी, मला..."

"कळलं! आवाज मोठा हवा!"

चौथ्या दिवशी त्याचा संताप अनावर झाला. "घरात उंदीर माजलेत! रोज दाणे पळवतात!"

पारू म्हणाली, "दाणे नेऊन बूच परत घट्ट लावणारा उंदीर मला एकदा दाखवाच."

भागुजीनं रागारागानं नळी काठोकाठ भरली, बूच ठोकलं आणि हलवून पाहिली. नळी ढिम्म. हूं की चूं नाही! त्यानं ती आईपुढे आदळली आणि तो तरातरा निघाला. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, कोयता घरीच राहिला. कपाळावर हात मारत तो परतला.

दारातून पाहतो, तर आई बूच उपसून गुंजा नि चिंचोके ओच्यात ओतत होती.

"आई! मी रोज भरतोय, आणि तू काढतेस? तोंडानं सांगायचंस ना!"

"सांगतच होते रे. तुझं 'कळलं' आडवं येत होतं."

भागुजीनं तोंड उघडलं. 'क' ओठापर्यंत आला, तो त्यानं गिळला.

आई सावकाश म्हणाली, "पुष्कळ दाणे झाले, की नुसता गलका होतो. मला एकेक दाणा पायऱ्या उतरताना ऐकायचाय. कोण अडखळला, कोण रेंगाळला. मला सोबत हवी होती, भागू."

तिनं चाचपून सातच गुंजा आत टाकल्या आणि नळी हळूहळू कलती केली. टिक. टिकटिक. टिक. मग शांतता. भागुजीनं कोयता उचलला.

"थांब," आई म्हणाली. "एक अजून वाटेत आहे."

तो उंबऱ्यावर बसला. दोघं कान देऊन राहिली. बऱ्याच वेळानं आवाज आला. टिक.

भागुजीनं भीत भीत विचारलं, "आई, मग बहिणीकडे..."

"कळलं, कळलं!" म्हातारी हसली. "कुठे जात नाही मी."

तात्पर्य: ज्याच्या सुखासाठी झटायचं, त्याचं म्हणणं आधी शेवटपर्यंत ऐकावं. नाहीतर सगळी मेहनत त्याला नको तेच देण्यात जाते.