बृहस्पती आणि चौथीचा वर्ग

"उद्यापासून तुझं शाळेत जाणं बंद," मालक अप्पासाहेब खानविलकर मंदा तोडकरला म्हणाले.

बालपाटी प्रकाशनात मंदाचं काम जगावेगळं होतं. शाळेच्या पुस्तकातला नवा धडा छापायला जाण्याआधी ती त्याची कच्ची पानं पिशवीत घालून जवळच्या शाळेत जायची, पोरांना वाचून दाखवायची, आणि कुठे जांभया आल्या, कुठे पोरं एकमेकांना चिमटे काढू लागली, ते येऊन सांगायची. मग लेखक चरफडत धडा पुन्हा लिहायचे. अप्पासाहेबांच्या वडिलांनी पाडलेला हा पायंडा, आणि त्यावरच मंदाचं घर चालत होतं.

पण यंदा अप्पासाहेबांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आणलं. विषय सांगायचा अवकाश, चहा निवायच्या आत धडा स्वाध्यायासकट हजर! अप्पासाहेबांनी त्याचं नाव बृहस्पती ठेवलं, पडद्याच्या कडेला हळदकुंकू लावलं आणि वरून झेंडूचा हारही घातला.

"पण साहेब, पोरांना कळलं का न्हाई ते कोण बघणार?" मंदानं विचारलं.

"जगातली सगळी पुस्तकं वाचलेल्याला तुझी चौथीतली पोरं काय शिकवणार? बृहस्पती चुकत नाही."

"अगदी बरोबर, साहेब," व्यवस्थापक पुजारी म्हणाले. साहेब शिंकले तरी पुजारी अगदी बरोबर म्हणत, तेव्हा त्यात नवीन काही नव्हतं.

"आणि चुकला तर?"

अप्पासाहेबांना हट्टाला पेटायला एवढं पुरे होतं. "असं? मग त्याच्याच तोंडून 'माझं चुकलं' म्हणवून घे. तू दाखवलेली चूक चालायची नाही, त्यानं स्वतः कबूल केलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत वेळ देतो. जमलं नाही तर आजचा तुझा इथला शेवटचा दिवस."

पुजारी गालातल्या गालात हसले. मंदाला मनातून धाकधूक होतीच. पण बृहस्पती आल्यापासून ती त्याच्याकडे लांबून बघत होती. कचेरीतला जो तो त्याला अदबीनं विचारायचा आणि मान डोलावून निघून जायचा. त्याला उलट बोललेलं मात्र तिनं कुणालाच बघितलं नव्हतं. बालपाटीत तशी पद्धतच नव्हती.

"संध्याकाळ कशाला साहेब? आत्ताच बसते की," असं म्हणून ती पदर खोचून यंत्रापुढे बसली. "बृहस्पती, पाण्याची वाफ कशी होते त्यावर तू चौथीसाठी धडा लिहिलास ना? लई अवघड झालाय बघ. पोरांना काही कळायचं न्हाई."

"अगदी योग्य निरीक्षण," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "धडा अवघडच झाला आहे. माझं चुकलं. क्षमस्व."

अप्पासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "इतका अवघड झालाय तो?"

"मला काय ठाऊक? मी अजून वाचलाच न्हाई."

"काय?"

"थांबा जरा." मंदा पुन्हा यंत्राकडे वळली. "बृहस्पती, माझीच गफलत झाली. धडा भलताच सोपा झालाय. बालवाडीतली पोरंसुद्धा हसतील."

"आपण नेमकं बोट ठेवलंत. धडा फारच सोपा झाला आहे. माझं चुकलं. क्षमस्व."

"अरे, आत्ता अवघड म्हणालास ना?" अप्पासाहेब ओरडले.

"आपलंही बरोबर आहे. माझं चुकलं."

अप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. "हा नेमका कुणाच्या बाजूचा?"

"जो समोर बसंल त्याच्या. असलंच कोणी पाहिजे होतं तर एवढा खर्च कशाला केलात साहेब? आपले पुजारीसाहेब होतेच की."

"अगदी ब..." पुजारी म्हणाले आणि मोठ्यानं खोकू लागले.

पण अप्पासाहेब सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी मंदाला बाजूला सारलं, खिशातून एक कागद काढला आणि घसा साफ करून स्वतःची कविता वाचली: "हत्ती हत्ती, काय तुझी महती, सोंड तुझी ती किती लांबती."

"अप्रतिम," बृहस्पती म्हणाला. "ही कविता बालसाहित्यातला मैलाचा दगड ठरेल."

अप्पासाहेबांचा चेहरा फुलला. "आता बोल. हे तरी खरं की नाही? चौथीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर घेतो ही कविता."

"घ्या की," मंदा शांतपणे म्हणाली. "शाळा सुटायला अजून अवकाश आहे. चला, तुम्हीच वर्गात उभं ऱ्हाऊन म्हणून दाखवा."

अप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. कागदाची घडी आपोआप बारीक होत गेली.

"आज नको," ते पुटपुटले. "ती कार्टी तोंडावर हसतील."

"मग यंत्रापुढं म्हणताना कसं भ्याला न्हाईत?"

"यंत्राला कशाला भ्यायचं? ते थोडंच हसणार आहे?"

"साहेब, पोरांची ही जी भीती वाटली ना तुम्हाला," मंदा म्हणाली, "तिचाच मला पगार मिळतो."

पुजारी अप्पासाहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण काय म्हणायचं ते अजून ठरलं नव्हतं. आणि मग अप्पासाहेब असे खदखदून हसले की डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना तोच कवितेचा कागद घ्यावा लागला.

"जिंकलीस बाई!" ते म्हणाले. "माग, काय पाहिजे ते माग."

"हा बृहस्पतीच द्या मला. पोरांनी जांभई दिली की धडा पुन्हा लिहून मागंन. तुमचे लेखक दुसऱ्यांदा मागितला की फोन उचलत न्हाईत. ह्यो दहादा मागितला तरी क्षमस्व म्हणून लिहील."

त्याच दुपारी बृहस्पती हारासकट मंदाच्या टेबलावर आला. शाळेत जायला तिला नवी कोरी स्कूटर मिळाली आणि तिनं होय म्हटल्याशिवाय एकही पान छापायचं नाही, असा हुकूम सुटला. अप्पासाहेबांनी हत्तीची कविता आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं, आणि पुढेमागे आपलाच मोह अनावर होईल म्हणून किल्ली मंदाच्या हवाली केली.