टोमॅटोचं गाव

भाजीचं गाव कळल्याशिवाय कुमुदआत्या पिशवी उघडत नसत. त्या दिवशी त्यांच्यासोबत भाचा आनंदची नवी बायको रेवती होती. रस्ताभर आत्या तिला एकच बजावत होत्या, "उद्या आनंदचे साहेब जेवायला येणार आहेत. तू आतच थांब. बाहेर येऊन 'मपलं-तुपलं' करशील, अगदीच गावठी वाटतं." स्वयंपाक सगळा रेवतीचाच होता, वाढायची हौसही तिलाच होती. पण नवी नवरी, पिशवी सांभाळत मागून चालत राहिली.

झगमगत्या दुकानात शिरताच आत्यांनी टोमॅटो नाकाशी धरला. "हे कुठले हो, शेठ?"

"जुन्नरचे, ताई! अस्सल गावठी, म्हणून तर दर्शनी मांडलेत."

"आणि ते मागच्या खोक्यातले?"

"त्यांच्या गावाचा काही पत्ता नाही बघा."

आत्यांनी नाक मुरडलं आणि दुप्पट भावाने जुन्नरचे दोन किलो घेतले.

तेव्हा रेवती हळूच म्हणाली, "आत्या, मीपण जुन्नरचीच की. मग टोमॅटोचं गाव कळलं म्हणून ते दर्शनी मांडायचे, आणि सुनेचं गाव कळेल म्हणून तिला आत कोंडायचं, असं कसं?"

शेठ हसू लपवायला काउंटरखाली वाकला. आत्यांचा चेहरा हातातल्या टोमॅटोसारखा झाला. "बरं बाई, वाढ उद्या तूच," त्या पुटपुटल्या. "जीभ तेवढी आत ठेव."

"तीपण जुन्नरचीच आहे, आत्या," पिशवी उचलत रेवती म्हणाली. "सुटी विकत मिळत नाही."